बाळूसाठीची पोळी

मंडळी, आज दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, नातीला सिलिअ‍ॅक आहे. गहू आयुष्यभर बंद. हा आजार घराण्यातून येतो म्हणे.

घरी येऊन आईला सांगितलं. नव्वदी गाठलेली आई म्हणाली, "मंग पोरीनं खायाचं काय?"

"भात आन् नाचणीची भाकरी. गव्हानंच तिचं पोट बिघडतंय, अंग धरत न्हाई."



साठच्या दशकात मुळशीत आमच्या घरी रोज तेच असायचं, भात नाहीतर नाचणीची भाकरी. गहू फक्त सणाला. माझा धाकटा भाऊ बाळू मात्र जन्मापासून अशक्त. त्याला ताकद यावी म्हणून आई पौडच्या बाजारातून गहू आणायची आणि त्याच्या एकट्यासाठी पोळी करायची, वर तूप सोडून. आम्हा बाकीच्यांना भाकरी. मला त्याचा हेवा वाटायचा. पण पोळी खाऊनही तो जुलाबांनी खंगतच गेला, पोट तेवढं फुगलेलं.

शाळेत जायच्या आधीच बाळू गेला.

"आपल्या बाळूला बी हेच व्हतं का रं?" आईनं विचारलं.

"न्हाई गं, त्याचं येगळं व्हतं."

मघाशी आई जेवायला बसली. ताटातली पोळी तिनं हळूच बाजूला सारली आणि नुसता भात कालवत राहिली.

तुम्ही तुमच्या आईला काय सांगितलं असतं?