कौसल्येची अस्वलं

मी राधा. लालबागच्या आमच्या चाळीत कौसल्येची आणि माझी खोली भिंतीला भिंत लागून. आधीच कबूल करते, त्या वर्षी मी तिला चक्क वेड्यात काढलं होतं.

तिचा नवरा सीताराम गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. सत्तावन्न साली विषमज्वराचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेला. तेरावं झालं नाही तोच तिचे थोरले दीर तात्या गावाहून बोटीनं येऊन टपकले. "कौसल्ये, तू नि पोर गावी चला. दोन घास कमी पडायचे नाहीत." काय ती माया! आतली गोष्ट वेगळीच. त्यांच्या मुलाला, दौलतला, गिरणीत नोकरी लागायची होती आणि त्याच्यासाठी ही खोली हवी होती. कौसल्या पदर सावरून म्हणाली, "मी इथंच राहीन, भावोजी. शिवणाचं काम करीन."

तात्या हसले. "नाताळपर्यंत बघ करून. मी येईन तेव्हा बोचकं बांधलेलं असू दे."

आणि हिचं शिवण म्हणजे काय, तर कापडाचे हत्ती! गिरणीच्या दारात वजनावर मिळणारे तुकडे आणायची, शिवायची, आत पिंजाऱ्याकडचा कापूस ठासायची. मी म्हटलं, "अगो बाय, खानावळीत भाकऱ्या भाज, पापड लाट. हत्ती कोण घेतंय तुझे?" ऐकेल ती कौसल्या कसली! हत्ती काखोटीला मारून दुकान दुकान फिरली, पायी पायी माझगावापर्यंत. सगळ्यांनी वाटेला लावली. शेवटी फिलोमिनाबाई भेटल्या. चर्चच्या नाताळच्या जत्रेत त्यांचा खेळण्यांचा स्टॉल असायचा, आणि फोर्टातल्या एका दुकानालाही त्या माल द्यायच्या. त्यांनी हत्तीचा कान ओढला, सोंड ओढली, जमिनीवर आपटला. टाका काही उसवला नाही.

"दोन डझन अस्वलं कर," त्या म्हणाल्या. "जत्रेत खपली तर दुकानाचं काम बारा महिने तुझं."

आता अस्वल! आम्ही दोघींनी जन्मात एकच अस्वल पाहिलेलं, दरवेशाचं. मागच्या पायांवर उभं, नाकात वेसण, वेसणीला दोरी. कौसल्येनं अगदी तस्संच केलं. दोऱ्या तर मीच वळून दिल्या, चांगल्या पीळदार. चोवीस अस्वलं ओळीनं उभी केली तेव्हा मला पण कौतुक वाटलं. जत्रेला आठवडा होता. गाठोडं घेऊन दोघी माझगावला गेलो.

फिलोमिनाबाईंनी एक उचललं आणि डोळेच विस्फारले. "हे काय गो? ह्याच्या नाकात दोरी कशाला?"

"अस्वल आहे ना, बाई," कौसल्या म्हणाली. "सुटलं तर पोराला फाडील की!"

बाई आधी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पोरं हे कुशीत घेऊन झोपतात गो. दावणीचं जनावर कोण कुशीत घेईल? रविवारी जत्रा. शनिवारपर्यंत नीट करून आण, नाहीतर राहू दे."

परत येताना रडले मी, ती नाही. घरी आल्या आल्या तिनं कात्री घेतली आणि सगळ्या वेसणी कापल्या. पण दोरीनं नाकं फाटली होती, भोकांतून कापूस बाहेर डोकावत होता. वरून काळं कापड लावणं भाग होतं. आणि काळं कापड कुठे मिळतंय! परळ झालं, दादर झालं, जो तो दुकानदार हात झटकून सांगे, मोर्च्यांच्या काळ्या झेंड्यांनी सगळं संपवलं. सीतारामची जुनी छत्री फाडली तर तिचं कापड इतकं विरलेलं की टाका धरेना. गुरुवार उजाडला.

आमचे हे, गंगाधर, मुंबईसकट महाराष्ट्र मागणाऱ्या समितीचे पक्के माणूस. नोव्हेंबरात प्रतापगडावर पंतप्रधानांना काळे झेंडे दाखवायला गेले होते. तो झेंडा आणून ट्रंकेत असा ठेवला होता की फक्त हळदकुंकू वाहायचं बाकी. कौसल्या दारात येऊन उभी राहिली. "गंगाधरभाऊ, तुमचा झेंडा द्या मला. अस्वलांच्या नाकांना हवाय."

हे भडकलेच. "अस्वलाच्या नाकाला? डोकं ठिकाणावर आहे ना? अहो, ह्या झेंड्यानं दिल्लीला जाब विचारलाय!"

"मुंबई मागायलाच नेला होतात ना, भाऊ? मी तरी दुसरं काय मागते? दहा बाय बाराची मुंबई मागते."

मला वाटलं आता हे उठून बाहेर जाणार. पण ह्यांनी ट्रंक उघडली, झेंडा काढला आणि कात्रीही स्वतःच दिली. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू! दोन दिवस मी चूल बाजूला ठेवून तिच्याबरोबर नाकं शिवली. बोटांची चाळण झाली. शनिवारी सकाळी माल माझगावला पोचला.

रविवारी दुपारी जेवणवेळेच्या आत स्टॉलवर एक अस्वल उरलं नाही.

मंगळवारी तात्या आले, बरोबर दौलत, त्याच्या डोक्यावर वळकटी. दार उघडंच होतं. आत पाऊल ठेवायला गेले तर खोलीभर कापसाचे ढीग, भिंतीशी पाय, खाटेवर कान, चुलीच्या कोपऱ्यापर्यंत मुंडकीच मुंडकी. फोर्टातल्या दुकानानं आणखी सहा डझन सांगितली होती.

तात्या उंबऱ्यावरच थबकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "कौसल्ये, इथं तर बसायलासुद्धा जागा नाही गो."

कौसल्या डोक्यावरचा पदर नीट करून उठली, वाकून त्यांच्या पाया पडली. "तेच म्हणते, भावोजी. दौलतला दुसरी खोली बघा." आणि बसून सुईत दोरा ओवायला लागली.

शेजारधर्म म्हणून मी दोघांना माझ्याकडे बसवलं, चहा पाजला, आणि भाऊच्या धक्क्यावरून परतीची बोट कधी सुटते तेही न विचारता सांगितलं.