दप्तरातली डबी

टोकियोतलं एदोगावा सोडून आम्ही जिथे राहायला आलो त्या जागेचं नाव मी लिहिणार नाही. माझ्या नवऱ्याने माझ्या आणि मुलीच्या जवळ फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम झाला, तेव्हापासून पत्ता न सांगण्याची सवय अंगात मुरली आहे. पार्सलवाला आला तरी आधी दाराच्या भिंगातून बघते आणि मगच श्वास सोडते.

हुकूम झाला त्या दिवशी पुण्याहून भावाने एक बातमी पाठवली. काही देशांत म्हणे अशा माणसाच्या पायात पट्टा घालतात. तो बायकोच्या घराच्या आसपास आला, की तिला आणि पोलिसांना आधीच कळतं. मी आमचं प्रकरण बघणाऱ्या पोलीसबाईंना विचारलं. त्या वाकल्या, माफी मागितली आणि म्हणाल्या, "आपल्याकडे तशी सोय नाही. ते दिसले, की लगेच पोलिसांना फोन करा."

दिसले की! तो दिसेपर्यंत किती उशीर झालेला असतो, ते माझ्या डाव्या मनगटाला विचारा. पण हे मी बोलले नाही. आभार मानले, त्यांच्याहून खाली वाकले आणि घरी आले. राग गिळणं मी या देशात चांगलंच शिकले आहे.

मग मीच कंबर कसली. फोन नंबर बदलला. मराठी मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडले. गणपतीच्या आरतीला गेले नाही, कारण कुणीतरी फोटो टाकणारच. मोदक घरीच केले. मुलीने दोन खाल्ले, बाकीचे मी उभ्याउभ्या संपवले. वॉर्ड ऑफिसात सांगून पत्ता कुणाला मिळणार नाही अशी व्यवस्था केली. आता एकही फट उरली नाही, असं मला वाटत होतं.

एका रविवारी दुपारी आईचा फोन आला.

"अगं, घराजवळ नदी आहे म्हणे. पोरीला एकटी सोडत जाऊ नकोस."

नदीबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"जावयांनी. काल फोन आला होता त्यांचा. पोर रोज पूल ओलांडून शाळेत जाते, जीव थाऱ्यावर राहत नाही म्हणाले. रडत होते गं."

"तू त्याचा फोन घेतेसच कशाला?"

"अजून जावईच आहेत ना ते? तोंडावर फोन कसा ठेवू?"

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, ते काही खोटं नाही. माझा ग्रह माझ्या आईला अजूनही न चुकता नमस्कार सांगतो. मी तिच्यावर ओरडले, ती रडायला लागली आणि तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर ओळखीचा निरोप आला: मुलगी घरी पोहोचली. पाठोपाठ दारातून, घरी आल्यावर इथे सगळेच देतात ती तिची हाक आली, "तादाइमा!"

ती नदीकाठी खेळून आली होती. तिच्या खिशात ती डबी होती.

इथे पहिलीतली पोरं एकटी चालत शाळेत जातात. मला ते काही केल्या झेपत नव्हतं. म्हणून आम्ही एकत्र राहत असतानाच काड्यापेटीएवढी ही डबी आणली होती. ती दप्तरात टाकायची, की पोर कुठे आहे ते फोनवर दिसतं. निरोप माझ्या फोनवर यायचे आणि चार्जिंगही मीच करायचे, त्यामुळे डबी माझीच आहे असं मी धरून चालले. पण ती सुरू करून दिली होती त्याने. सॉफ्टवेअरवाला माणूस, घरातली सगळी खाती त्याच्या नावावर. मी त्या खात्यात फक्त 'आणखी एक पालक'.

माझी पाचावर धारण बसली. पडदे ओढले, दाराची साखळी लावली, पोरीला खिडकीपासून दूर बसवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच! हुकूम त्याच्यावर आणि पट्टा माझ्या लेकीला. तोही रोज सकाळी मी माझ्या हाताने बांधलेला.

फोन केल्यावर पोलीसबाई लगेच आल्या. मी डबी बंद करायला गेले तर त्यांनी हात धरला.

"नको. बंद झाली तर त्यांना लगेच संशय येईल. अशी नजर ठेवायलाही त्यांना मनाई आहे. मी ही चालूच ठेवून ठाण्यात नेते. ते माग काढत आले, तर आमच्याच दारात येतील."

त्यांनी डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. मुलगी माझा कुर्ता धरून बघत होती. तिने त्यांना जपानीत विचारलं, "ती बाबाच्या बॅगेत ठेवाल का? म्हणजे तो कुठे आहे ते आईला कळेल."

बाई तिच्यापुढेही वाकल्या आणि जिना उतरून गेल्या. मी दार लावलं, साखळी लावली आणि मुलीला जवळ घेतलं. तिच्या केसांना नदीकाठच्या गवताचा वास येत होता.

फोन थरथरला. मुलगी घरातून निघाली, असा निरोप होता. तोच निरोप त्याच क्षणी त्याच्याही फोनवर पोहोचला होता.