नारळांची पिशवी

आमच्याकडं गाण्याचा कार्यक्रम असो नाहीतर बोअरवेलचं उद्घाटन, आधी सत्कार होतात. वेळ उरला तर कार्यक्रम.

बारामतीत मूकबधिर मुलांच्या शाळेच्या मदतीला मैदानावर गाण्यांचा मेळा ठेवला होता. अंथुर्ण्याहून आमचं सगळं घर निघालं, कारण माझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, एक गवळण म्हणायची होती. उभा जन्म त्या उसात भांगलताना गायल्या, दळण निवडताना गायल्या. माइक कधी हातात आला नाही. आठ दिवस घरात खडीसाखर आणि काढा. नवरा म्हणाला, "आई, बहिऱ्या पोरांची शाळा हाय ते बरं हाय. तक्रार यायची न्हाय." आत्याबाईंनी त्याला लाटणं दाखवलं आणि राग माझ्यावर काढला. "आमटीत मीठ कमी हाय." पंधरा वर्षं हेच ऐकतेय मी.

त्यांचा नंबर साडेपाचला. पेटी-ढोलकीवाल्यांना सहाला वरकुट्याच्या हळदीला निघायचं होतं. आणि स्टेजवर सत्कारच सुरू! मांडववाल्याचा झाला, माइकवाल्याचा झाला. ज्यानं नारळ दिले त्याचाही त्याच्याच नारळानं झाला. शाळेची पोरं पुढं सतरंजीवर खुणांनी मस्त गप्पा मारत होती. मैदानात सुखी तेवढीच.

पावणेसहा झाले. आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आपल्या नशिबात न्हाय." त्यांचा आवाज असा पडलेला मी कधीच ऐकला नव्हता. माझं डोकंच फिरलं.

शाली-नारळांची पिशवी स्टेजमागं होती. उचलली आणि चालू लागले. एका कार्यकर्त्यानं हटकलं. "पाव्हण्यांच्या गाडीत ठिवायचीय," म्हणाले, तर बिचाऱ्यानं एक बंद धरून निम्म्यापर्यंत आणून दिली. रसवंतीमागच्या चिपाडांच्या ढिगात ती दडपली आणि साळसूदासारखी जागेवर येऊन बसले. आत्याबाईंनी माझ्या पदराला चिकटलेलं चिपाड झटकलं.

निवेदकानं पुढचा सत्कार पुकारला आणि हात मागं केला. हातात काहीच येईना. पळापळ झाली. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "तोवर एक गवळण ऐकू या." तोवर म्हणे!

पहिल्या ओळीला आत्याबाईंचा आवाज कापला. दुसऱ्या ओळीला ढोलकीवाला मान वर करून बघायला लागला. शाळेतली एक पोरगी उठली आणि स्पीकरला तळवा लावून उभी राहिली, मग सगळीच पोरं गेली. नवरा डोळे पुसत होता. धूळ गेली म्हणे.

टाळ्या थांबेनात. निवेदक ओशाळून म्हणाला, "आजींचा सत्कार करायचा होता, पण नारळ..."

आत्याबाईंनी माइक अजून सोडला नव्हता. "सूनबाई, चिपाडात ठिवलीस ती पिशवी आण."

अख्खं मैदान माझ्याकडं वळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं! खाली मान घालून मी पिशवी आणली. आत्याबाईंनी शाल काढली, ती माझ्याच खांद्यावर टाकली आणि नारळ माझ्या हातात दिला. "आधी हिचा सत्कार. हिनं पिशवी पळवली म्हणून मला गायला मिळालं." लोक पोट धरून हसले. मी मात्र वेड्यासारखी रडत होते.

मग माइक खाली करून त्या माझ्या कानाशी आल्या. "नारळ उद्या आमटीत घाल. आन मीठ जरा हात सोडून टाक."