काशीला सोडलेली साखर

आमच्या घरात मधुमेह शिरला आहे हे डॉक्टरांच्या आधी मुंग्यांना कळलं. न्हाणीघराच्या कोपऱ्यात त्यांची रांग लागायला लागली तेव्हा मी हळद टाकली, राख टाकली, मोलकरणीवर तोंडसुख घेतलं. ह्यांना सारखी तहान लागायची, तिचं खापर मी सोलापूरच्या उन्हावर फोडलं. पण दिवाळी उलटून थंडी पडली तरी माठ दुपारीच रिकामा व्हायला लागला, आणि कोर्टात घालायचा काळा कोट खांद्यावरून लोंबायला लागला. तेव्हा डॉक्टरांकडे जाणं भाग पडलं. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब सोडले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचा बघता बघता विटकरी रंग झाला.

"वकीलसाहेब, आजपासून गोड बंद," डॉक्टर म्हणाले.

ह्यांच्या उलटतपासणीपुढे भले भले साक्षीदार गारठायचे, पण साखरेच्या डब्यापुढे हे स्वतःच गारठायचे. डॉक्टरांची बंदी आठवडाभरसुद्धा टिकली नाही. मी डबा फडताळात लपवला तर तिथून काढला, धान्याच्या कणगीत लपवला तर तिथून. कोर्टात हा माणूस एवढ्या चिकाटीनं पुरावे शोधत असता तर एव्हाना न्यायाधीश झाला असता.

त्याच नाताळच्या सुट्टीत सासूबाईंच्या अस्थी घेऊन आम्ही काशीला गेलो. काशीला गेलं की आवडीचं एखादं फळ जन्मभरासाठी सोडून यायचं, अशी रीत. माणसं त्यातही हुशारी करतातच. मी कवठ सोडलं. कवठाच्या नुसत्या वासानं माझं डोकं उठतं. मग ह्यांची पाळी आली. ओंजळीत गंगेचं पाणी घेऊन हे खणखणीत आवाजात म्हणाले, "मी साखर सोडली." पंड्या गोंधळला. मोडक्यातोडक्या मराठीत त्यानं परत परत सांगून पाहिलं, की बाबा, फळ सोड, रीत फळाची आहे. पण हे ऐकतात कसले! आज वाटतं, ह्यांच्या आजारात त्या पंड्याइतका नेमका सल्ला दुसऱ्या कुणी दिला नसेल.

"डॉक्टरसाठी साखर सोडली तर माणूस रोगी. देवासाठी सोडली तर व्रती," परतीच्या गाडीत ह्यांनी मला समजावलं. रोगी म्हणवून घेणं ह्यांच्या जिवावर आलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

परत आल्यावर मावंदं घातलं. काशीयात्रेनंतरची ती पंगत. त्यात बुंदीचे लाडू हवेतच. लाडवाचं ताट समोर आलं आणि ह्यांनी पानावर हात आडवा धरला. "काशीला साखर सोडलीय." शेजारच्या पानावरच्यांनी हात जोडले. नळीतल्या विटकरी रंगाची ज्यांना कल्पना नव्हती, त्यांचे तर डोळे भरून आले.

तिथून फळं सुरू झाली. त्यागी माणसाला रिकाम्या हातानं भेटायला कोण येणार? केळ्यांचे घड आले, अंजिरं आली, हंगामात सीताफळांच्या पाट्या आल्या. हे चहा बिनसाखरेचाच प्यायचे, पण गालात खजूर धरून. सकाळी भिजवलेल्या मनुका, दुपारी केळी, संध्याकाळी जे येईल ते. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, तशी आमच्याकडे रोजच एकादशी होती.

सांगोल्याकडचा एक धनगर ह्यांचा पक्षकार होता, बांधाच्या भांडणातला. एकदा तो टोपलीभर डाळिंबं घेऊन आला.

"वकीलसायब, तुमी साकर सोडली म्हनं? मग ही खावा की. माज्या हिरीवरची हायती, लई ग्वाड. देवानं केल्यात, मानसाचा हात लागला न्हाय."

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? असा साक्षीदार मिळायला नशीब लागतं."

डॉक्टर तपासायला आले की नळीचा रंग विटकरीच निघायचा, आणि त्यानंतर वाद रंगायचा. "ही मोरस साखर यंत्रातून निघते, डॉक्टर. हाडांच्या कोळशानं पांढरी करतात तिला. फळ झाडावर पिकतं. दोघांना एकाच कलमाखाली कसं आणता तुम्ही?"

"जिभेला फरक कळत असेल, रक्ताला कळत नाही," डॉक्टर म्हणायचे. "मी फळाला नाही म्हणतच नाही. एखादा पेरू खा, पपईच्या दोन फोडी खा. तुम्ही टोपली खाता."

"संकल्पात टोपलीचा उल्लेख नव्हता."

डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मी पदराआड हसायची. खरं सांगते, मला तेव्हा ह्यांच्या बुद्धीचं कौतुकच वाटायचं.

मग नवा जोडा चावला. पायाच्या अंगठ्याला एवढीशी जखम झाली. हळद लावली, मलम लावलं, लेप झाले, पण ती भरायचं नाव घेईना. उलट कडेनं काळपट पडायला लागली. डॉक्टरांनी पाय मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला आणि ह्या वेळी वाद घातला नाही.

"असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. पुढे पाऊल. त्याच्या पुढचं वहिनींसमोर बोलत नाही."

मी समोरच उभी होते. पतिव्रतेला शोभेल असं काहीही मनात आलं नाही. आला तो राग. सीताफळापायी मी पांढरं कपाळ घेऊन बसायचं? डॉक्टर दाराबाहेर पडायच्या आत मी केळ्यांचा घड गाईपुढे टाकला. खजूर, मनुका, अंजिरं शेजारी वाटून आले. संध्याकाळी तो धनगर पुन्हा टोपली घेऊन आला, त्याला उंबऱ्यावरच थांबवलं.

"साकर न्हाय, आता फळबी न्हाय? मग मानसानं खावं तरी काय, वैनीसायब?"

"भाकरी," मी म्हटलं.

ह्यांनी आरडाओरडा केला, अबोला धरला, पण अंगठ्याकडे बघून दोन्ही सोडलं.

मुंबईहून इन्सुलिन मागवलं. ओल्या वाळूच्या परातीत माठाशेजारी ती बाटली जपून ठेवायची, सकाळी कंपाउंडरनं येऊन सुई टोचायची. हाडांच्या कोळशापायी मोरस साखरेला नावं ठेवणाऱ्या ह्यांनी हे औषध कशापासून करतात, ते एकदाही विचारलं नाही. कुठला प्रश्न विचारायचा नाही, हे वकिलाला बरोबर कळतं. मी विचारलं होतं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत "जनावराच्या पोटातून" एवढंच म्हणाले. कुठल्या जनावराच्या, हे मग मीही विचारलं नाही.

जखम सुकायला लागली. डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं, की सुई टोचल्यावर जेवायला उशीर होता कामा नये. आणि कधी दरदरून घाम आला, हात कापायला लागले, भलतंच बोलायला लागले, तर ताबडतोब साखर द्यायची. साखर! मला वाटलं, डॉक्टरांच्याच डोक्यावर परिणाम झाला.

एक दिवस सुई झाली, पान वाढलं, आणि हे बैठकीत त्या धनगराचा दावा समजावत बसले. मी हाक मारली. "आलो." भाकरी गार झाली. पुन्हा हाक मारली, तर उत्तर आलं नाही. त्याऐवजी तो धनगरच धावत आत आला.

"वैनीसायब, सायेब कसंतरीच करत्यात की!"

जाऊन बघते तर ह्यांनी कागद उलटा धरला होता. सदरा घामानं भिजला होता, बोटं थरथरत होती. माझ्याकडे बघून अतिशय अदबीनं म्हणाले, "आपण कोण?"

धनगराला डॉक्टरांकडे पिटाळलं. साखरेचं पाणी करून ह्यांच्या ओठाला लावलं. एक थेंब जिभेला लागला असेल नसेल, ह्यांनी दात आवळले.

"साखर... सोडलीय... काशीला."

बायको ओळखू येत नव्हती, पण संकल्प ओळखू येत होता. डाळिंबाचा रस असता तर आनंदानं प्यायले असते. पण घरातलं फळन् फळ मीच हाकललं होतं, आणि त्या वेळी मला शेजारीपाजारी सुचले नाहीत. पेला ह्यांच्या हाताच्या झटक्यानं सांडला. मान एका बाजूला कलंडली. मी मूठभर साखर आणली, तशीच जमिनीवर बसले, ह्यांचं डोकं मांडीवर एका कुशीला वळवून घेतलं आणि बोटानं साखर गालाच्या आत चोळायला लागले. कडकडून चावा बसला. मी बोट काढलं नाही. "गंगामाई, हे पाप माझ्या नावावर घाल," असं मोठमोठ्यानं म्हणत होते आणि साखर चोळत होते.

किती वेळ गेला कोण जाणे, डॉक्टर अजून पोचले नव्हते. आधी दात सैल झाले, मग पापण्या हलल्या. ह्यांनी मला नावानं हाक मारली. मग जिभेनं ओठांचे कोपरे चाटले आणि थबकले. माझ्या तळव्याला चिकटलेले पांढरे दाणे ह्यांना दिसले.

आता घर डोक्यावर घेणार, प्रायश्चित्त काढणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. हे माझ्या हाताकडे बघत होते. डोळे भरून आले होते. सासूबाईंच्या अस्थी सोडतानासुद्धा मी ते भरलेले पाहिले नव्हते.

"अगं, थोडी अजून देतेस?"

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला हुकूमच सोडले होते. माझ्याजवळ काही मागितलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"नाही," मी म्हटलं. "आता तुम्ही शुद्धीवर आलात."

मी हात धुतले आणि गार भाकरी तव्यावर गरम करून ह्यांच्या पुढ्यात ठेवली. हे मुकाट्यानं जेवायला लागले. मला मात्र रडू आवरेना.