यंदा पाण्यात मी

दर जानेवारीत ठाण्याच्या एका तरण तलावावर भल्या सकाळी पोहण्याचा कार्यक्रम असतो. ओळखीपाळखीचे लोक पोहणाऱ्याच्या नावाने देणगी देतात आणि ते पैसे डायलिसिसच्या गरजू पेशंटसाठी जातात. आमच्या ह्यांनी त्यात कधी खंड पडू दिला नव्हता. रात्रभर गारठलेल्या पाण्यात ते उतरले की मी काठावरून त्यांचं डोकं शोधत राहायची. ते वर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

गेल्या दिवाळीत त्यांची अँजिओप्लास्टी झाली. इतक्यात गार पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.  देणगीदारांना फोन करून 'यंदा जमणार नाही' असं सांगायचं काम मात्र हे रोज उद्यावर ढकलत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "नका करू फोन. तुमच्याऐवजी मी उतरते."

मी डोंबिवलीत लेडीज बॅचला शिकलेली, तेही मे महिन्यात. मान वर काढून बेडकासारखे पाय मारत जाणं, एवढंच माझं पोहणं. हे हसतील असं वाटलं होतं. पण त्यांनी ते भलतंच मनावर घेतलं आणि मला रोज गार पाण्याने आंघोळ करायला लावली. मी कोपरीच्या बहिणीला फोन करून त्यांची तक्रारसुद्धा केली.

त्या सकाळी शिडीवरून पाण्यात उतरले आणि श्वासच अडकला. शिडी सोडवेना. वर उभे राहून हे शांतपणे म्हणाले, "आधी श्वास सोड. घेऊ नकोस, सोड."

सोडला. पुढचा आपोआप आत आला आणि हातपाय चालायला लागले.

हे काठाकाठाने माझ्या बरोबरीने चालत होते. मी वळले की तेही वळायचे. मधेच कधीतरी लक्षात आलं, आपल्याला भीती वाटत नाहीये. इतकी वर्षं काठावरून बघून ज्या पाण्याची धास्ती घेतली होती, ते आतून नुसतं गार होतं.

बाहेर आले तेव्हा माझे दात वाजत होते. ह्यांनी माझ्याभोवती टॉवेल गुंडाळला, तर हात त्यांचे थरथरत होते. थंडी वाजतेय का, म्हणून मी विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले. "हे नुसतं बघत उभं राहणं फार अवघड आहे."

मला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. मग स्टेशनजवळ आम्ही गरम उपमा खाल्ला. माझी डिश संपायच्या आत त्यांनी दुसरी मागवली होती.