विमानातली कोरी पिशवी

पाटोद्याहून सकाळची एसटी धरली तेव्हा धुकं होतं. मांडीवरच्या थैलीत विमानातल्या एकतीस कागदी पिशव्या होत्या. प्रवाशाला उलटी आली तर असावी म्हणून सीटपुढे ठेवतात, त्या. मी विमानात कधी बसलेले नाही. भाच्याने दुबईहून असल्या पिशवीत खजूर घालून आणला. पिशवी कशाची ते मला नंतर कळलं. तोवर खजूर संपला होता. तेव्हापासून जो जाईल त्याला सांगते, एक आण, पण कोरी.

दिंद्रुड माझं माहेर. राबियाबी तिथल्या शाळेत चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसायची. ती उमरा (मक्केची यात्रा) करून आली होती. माझ्या वयाची, विमानात बसलेली, ओळखीतली ती एकटीच. तिच्या हातची पिशवी मला हवीच होती, जाताना तिला तसं सांगून ठेवलं होतं. माझ्याजवळच्या पिशव्या तिला दाखवायला घेतल्या होत्या. तिने वापरली असेल तर काय, एवढाच घोर होता.

मांजरसुंब्याच्या घाटात खाली सगळं पांढरं. ज्वारी नाही, रस्ता नाही, इंजिनाचा आवाजही लांबून आल्यासारखा. वरून असंच दिसत असेल. एका पिशवीवरचा निळा पक्षी मी काचेला लावून धरला. तो धुक्यातून चालला. मीही चालले. मग पोटात ढवळलं.

"आजी, पिशवी हाय की हातात. धरा तोंडाला," कंडक्टर म्हणाला.

"ही ओकायची न्हाई."

"मग कशाची हाय?"

सांगायला सवड मिळाली नाही. पदरात ओकले.

बीडच्या स्टँडवर नळाखाली पदर धुतला. दिंद्रुड येईपर्यंत तो वाळला, वास मात्र राहिला.

राबियाबीने ट्रंकेतून पिशवी काढली. हिरवी, कोरी करकरीत.

"येताना लई मळमळलं, शांते. विमानातली पोरगी दोनदा म्हनली, पिशवी घ्या. म्या म्हनलं, ही माझी न्हाई."

"मग?"

"मग काय. उतरस्तोवर पान्याबिगर तोंडात काई घातलं न्हाई. पोटातच न्हाई तर येनार कुठून? शेजारीण बिर्यानी खायली, म्या भिताडाकडं तोंड करून बसले."

"येडी हायस."

तिने माझा पदर हुंगला. "आन् तू लई शानी," म्हणाली आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

परतताना घाटात ऊन होतं. खाली ज्वारी जिथल्या तिथे होती. हिरवी पिशवी मी थैलीत टाकली नाही. उघडून आत पाहिलं. काही नव्हतं. तेवढ्यासाठी राबियाबी उपाशी बसली होती.

घडी मोडू न देता पिशवी मिटली, आणि पाटोदा येईपर्यंत हातात धरली.