दादाचा वाण

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. गुरांना गोचीड ताप आणणारा, रक्तपेशीत राहणारा एक परजीवी फ्लास्कमध्ये जिवंत ठेवणं हे तिचं काम. रोज जुना द्रव काढायचा, नवा घालायचा, अधूनमधून निरोगी गाईच्या ताज्या रक्तपेशी द्यायच्या. हयगय झाली की सगळं मुसळ केरात. अकरा वर्षांत तिने हयगय केली नव्हती. तापाने फणफणली होती तेव्हाही तोंडाला फडकं बांधून आली होती.

कारण परजीवीचा तो वाण तिच्या दादाने आणलेला. दादा गुरांचा डॉक्टर. मरायला टेकलेल्या कालवडीचं रक्त बर्फाच्या डब्यात घालून तो स्वतः घेऊन आला होता. "असा जहाल ताप मी आजवर पाहिला नाही. नीट सांभाळ हं, बाई," म्हणाला होता. पुढच्याच वर्षी त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं.

तेव्हापासून ताई घरी पोचली की आई त्या फ्लास्कबद्दल विचारायची, "दादाचं बरं आहे ना?"

"मजेत आहे," ताई सांगायची.

मग प्रयोगशाळेत एक नवी संशोधक आली. जाड भिंगांमुळे सगळ्यांनी तिचं नाव चष्मेवाली पाडलं. हा परजीवी रक्तपेशीवर आपलं एक प्रथिन चढवतो, त्यामुळे पेशी मेंदूतल्या बारीक नसांना चिकटतात आणि जनावर दगावतं. त्या प्रथिनाचं जनुक किती जोरात चालतं, ते तिला मोजायचं होतं. त्यासाठी दादाचा वाण तिने मुद्दाम मागून घेतला.

जनुक बंद निघालं. "माझाच हात चुकला असेल," म्हणत तिने तीनदा चाचणी केली. शेवटी प्रथिनाची तपासणी ताईने स्वतः केली. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या वाणासमोर प्रथिन असल्याची काळी ठळक रेघ उमटली. दादाच्या वाणासमोर जागा कोरी.

"फ्लास्कमध्ये त्याला कुठे चिकटायची गरजच पडली नाही," चष्मेवाली खालच्या आवाजात म्हणाली. "सगळं आयतं मिळालं. ज्यांनी ते प्रथिन बनवणं सोडलं, तेच भराभर वाढले. दादांनी आणलेला आता यात उरला नाही, ताई."

"अहो, पण मी एक दिवससुद्धा..."

"तुमची चूक नाही हो. तुम्ही सांभाळलंत म्हणून तर..."

दादाच्या मूळ वाणाच्या, पहिल्याच वर्षी गोठवलेल्या सहा नळ्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत होत्या. ताईने त्या एकेक करून वितळवल्या, तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. एकही जगली नाही. मधल्या काळात कधीतरी टाकी कोरडी पडली होती आणि कुणीतरी गुपचूप पुन्हा भरून ठेवली होती. कोणी, ते कधीच कळलं नाही.

साहेब म्हणाले, "बंद करा आता." फ्लास्कमध्ये ब्लीच ताईनेच ओतलं. लाल पाणी बघता बघता मातकट झालं.

आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. नेहमीचा प्रश्न आला तशी ताई दारातच थांबली. "आई, तो कधीच गेला होता. मी भलत्यालाच सांभाळत बसले गं."

आईचे हात थांबले. "तुझा दादा गेला त्या दिवशी तू कामावर गेलीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, येशील, गळ्यात पडशील. तू आलीस, कपडे बदललेस आणि परत गेलीस. मी कुणापाशी रडायचं होतं?"

ताई पलंगाशी जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. आईही रडली, भिंतीकडे तोंड करून. आईचा हात पाठीवर येईल म्हणून ताई बराच वेळ वाट पाहत राहिली. तो आला नाही. मग आईच उठली, डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात जाऊन दोघींपुरता कुकर लावला.